पुढच्या ब्रेकची डिस्क ट्रॅकवर टिकवायची कशी? बेळगाव-निपाणीकडच्या नव्या रायडरांसाठी

बेळगावला खेटून जाणारा पुणे-बंगळूर हायवे, म्हणजे आताचा एनएच-४८, बंगळूर ओलांडून तसाच चेन्नईकडे जातो आणि श्रीपेरुंबुदूरजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा रेस ट्रॅक याच रस्त्यावर लागतो. अंतर साधारण ८०० किलोमीटर. बाइक पिकअपमध्ये बांधायची, संध्याकाळी निघायचं, दुसऱ्या दिवशी पोचायचं. सीमाभागातली बरीच पोरं आता अशी जायला लागली आहेत आणि जाण्याआधी माझ्याकडे येऊन एकच विचारतात: "दादा, पुढं कुठली डिस्क टाकू?"

माझं उत्तर ठरलेलं असतं. आधी आहे ती मोजू या. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगवर बारा वर्षं काढली आहेत, त्यामुळे मोजल्याशिवाय कुठल्याही लोखंडाबद्दल बोलायला मला जमत नाही. डिस्कच्या बाबतीत तर मोजणं म्हणजे अर्धं काम. ट्रॅकवर डिस्क नुसती झिजून जाते असं फार कमी वेळा होतं. ती तापून वाकते, तिच्यावर पॅडचा थर कुठे जास्त कुठे कमी बसतो, नाहीतर भोकांशी तडा जातो. यातलं बरंचसं डोळ्यांना दिसण्याआधी मापात दिसतं.

आधी उष्णतेचा हिशेब

तुम्ही आणि बाइक मिळून २४० किलो धरा. सरळ पट्ट्यावर ताशी १५० चा वेग आहे आणि वळणाला ६० वर आणायचा आहे. त्या तीन-चार सेकंदांत साधारण १७५ किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. हवेचा विरोध यातला थोडा वाटा उचलतो, बाकीचा ब्रेकवर येतो, आणि जोरात ब्रेक मारताना वजन पुढं झुकत असल्यामुळे त्यातलाही बहुतेक भार पुढच्या डिस्कवर. ही उष्णता किती? अर्धा लिटर पाणी चहासाठी उकळायला लागते तेवढी, थोडी जास्तच. गावात ताशी १०० वरून एकदम थांबलात तरी याच्या निम्मीच लागते.

पुढच्या डिस्कचं वजन सव्वा किलोच्या आसपास. एवढ्याशा पोलादात ही उष्णता एका दमात घातली तर कागदावर तापमान एकाच ब्रेकमध्ये दोनशे अंशांनी वर जातं. ती पुरती निवायच्या आत पुढचं वळण येतं.

चोर्ला घाट उतरताना डिस्क तापते, पण ते तापणं वेगळं. तिथं उष्णता सावकाश आणि बराच वेळ मिळत राहते. ट्रॅकवर घणाचे घाव बसतात. त्यामुळे "माझी बाइक रोज घाट उतरते, काही होत नाही" हा हिशेब ट्रॅकला लागू पडत नाही. आणि हेही इथंच सांगतो: ट्रॅकची तयारी म्हणून चोर्ल्यात किंवा आंबोलीत वेग लावू नका. समोरून येणारा ट्रक तुमची तयारी बघून थांबत नाही.

पहिली पायरी: मायक्रोमीटर उसना आणा

शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा मायक्रोमीटर आणि मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल, एवढी दोनच हत्यारं लागतात. बेळगावात राहून हे मिळत नाही असं म्हणू नका. उद्यमबाग, मच्छे इकडे मशीन शॉपमध्ये कामाला असलेला एखादा काका-मामा, नाहीतर शेजारी, प्रत्येकाला असतोच. रविवारी दोन तासांसाठी मागून आणा आणि पुसून परत करा.

डिस्कवर नीट बघितलं तर कुठेतरी इंग्रजीत "मिन टीएच" आणि पुढे मिलिमीटरमधला आकडा कोरलेला सापडतो. ही त्या डिस्कची कमीत कमी चालणारी जाडी. सापडला नाही तर मॅन्युअल बघा. हा आकडा कंपनीने रस्त्यावरच्या वापरासाठी दिला आहे. ट्रॅकला जाणार असाल तर त्याच्या जवळ आलेली डिस्क बाद समजा, कारण पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला पोलादच कमी उरतं आणि ती लवकर तापते.

आता मोजायचं कुठे? व्हर्नियर लावून कडेला मोजू नका, इथं भलेभले फसतात. पॅड डिस्कच्या अगदी बाहेरच्या काठापर्यंत घासत नाही. तिथं न झिजलेली बारीक कड राहते. अंगठ्याचं नख आतून बाहेर फिरवा, कडेपाशी ते अडतं. व्हर्नियरचे जबडे या कडेवर बसतात आणि झिजलेली डिस्क नव्यासारखी दाखवतात. मायक्रोमीटरचं टोक कड ओलांडून, जिथं पॅड घासतो तिथं टेकवा. खडूने आठ खुणा करा, आठही ठिकाणी मोजा आणि वहीत लिहा. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ यांत ०.०२ मिलिमीटरच्या पुढे फरक दिसला तर लिव्हर बोटाला धडधडायला लागते.

मग रनआऊट, म्हणजे फिरताना डिस्क आडवी किती डुलते ते. पुढचं चाक स्टँडवर उचला. आधी चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बेअरिंगचा खेळ बघा, नाहीतर बेअरिंगचा दोष डिस्कच्या माथी बसेल. डायलचा स्टँड फोर्कच्या खालच्या भागावर घट्ट बसेल असा लावा. तो भाग बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, त्यावर चुंबक धरत नाही. तेव्हा लोखंडी पट्टी क्लॅम्पने बांधा आणि स्टँड तिच्यावर लावा. डायलचं टोक कडेच्या जरा आत, भोकं चुकवून टेकवा आणि चाक सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती हलला तो रनआऊट. मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअलचाच आकडा धरा. ट्रॅकसाठी मी स्वतः ०.१० च्या वर गेलेली डिस्क घेऊन जात नाही.

रनआऊट जास्त आला म्हणून लगेच डिस्क फेकू नका. ती काढून हबची (चाकाच्या मधल्या भागाची) बैठक बघा. खानापूर-जांबोटीकडून फिरून आलेल्या बाइकवर तिथं तांबड्या मातीचा आणि गंजाचा पापुद्रा हमखास असतो. बारीक एमरीने साफ करा, पुसा, डिस्क परत बसवून मोजा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

डिस्क ग्राइंड करून घेऊ नका

हे मी स्वतः केलंय, म्हणून जीव तोडून सांगतो. पहिल्या ट्रॅक डेनंतर (पैसे भरून आपली बाइक ट्रॅकवर चालवायचा दिवस) माझ्या डिस्कचा रनआऊट ०.२८ भरला. मला वाटलं, हे तर आपल्या रोजच्या हातचं काम. रात्रपाळीला डिस्क सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर ठेवली, चक ऑन केला, दोन्ही बाजूंनी हलके हलके कट घेतले. चकवर असतानाच डायल फिरवला, काटा हलेना. पृष्ठभाग आरशासारखा. खूश होऊन चक ऑफ केला, डिस्क उचलून सरफेस प्लेटवर ठेवली आणि एका कडेला बोटाने दाबलं. टक् करून दुसरी बाजू उचलली. जशी वाकडी होती तशीच वाकडी, फक्त आता पातळ. किमान जाडीला ०.०५ मिलिमीटर उरलं होतं.

कारण नंतर कळलं आणि ते साधं आहे. कारच्या डिस्क बहुधा बिडाच्या असतात, आपल्या भागातल्या फौंड्रीत ओततात तसल्या. मोटरसायकलची डिस्क मात्र बहुतेक वेळा चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेसची, साधारण १२ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाची असते, आणि जाडी चार-पाच मिलिमीटर. चकचं चुंबक त्या वाकलेल्या पातळ चकतीला ओढून सपाट करतं, दगड त्या ओढलेल्या सपाटीवर फिरतो, आणि चुंबक सुटलं की चकती पुन्हा आपल्या मूळ वाकात जाते. उद्यमबागेत शंभर रुपयांत हे करून देणारे भेटतील आणि त्यांचा हेतू वाईट नसेल. तरी डिस्क त्यांच्या हातात देऊ नका. वाकलेली डिस्क बदलायची असते.

कोणती घ्यायची

मापं घेऊन झाल्यावर हा प्रश्न येतो आणि बहुतेकांच्या बाबतीत उत्तर असतं: कंपनीचीच नवी. आर१५ ला २८२ मिलिमीटरची, आरसी ३९० ला ३२० ची, जी मूळ आहे तीच. पहिले दोन-तीन ट्रॅक डे तिच्यावर निभावतात.

पुढे वेग वाढला की फ्लोटिंग डिस्कचा विचार करा. तिचं कारण समजून घ्या, नुसतं दिसायला भारी म्हणून घेऊ नका. ३२० मिलिमीटरची पोलादी डिस्क तीनशे अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळजवळ एक मिलिमीटरने वाढतो. अख्खी एकसंध डिस्क हबला बोल्टने आवळलेली असेल, तर बाहेरचा तापलेला भाग फुगू पाहतो आणि आतला थंड भाग त्याला धरून ठेवतो. मग ती बशीसारखी वळते. फ्लोटिंग डिस्कमध्ये घासणारी चकती वेगळी, आतला ॲल्युमिनियमचा कॅरियर वेगळा आणि दोघांना जोडणारे बॉबिन. चकतीला फुगायला जागा मिळते. हातात धरून हलवली तर ती किंचित खुळखुळते, तो दोष नाही. उलट खुळखुळणं बंद झालं तर बघा, बॉबिनमध्ये माती आणि पॅडची भुकटी बसलेली असते. पोकळ बॉबिनमधून वॉशर लावून बोल्ट घाला, नट आवळा आणि पान्याने बॉबिन जागच्या जागी फिरवा. मोकळा होतो.

फुलासारख्या कापलेल्या पेटल डिस्कबद्दल एकच सांगतो: नक्षी जितकी खोल, पोलाद तितकं कमी. आणि कुणी जास्तीची भोकं पाडून देतो म्हणाला तर नाही म्हणा, प्रत्येक भोक ही तडा सुरू व्हायची जागा असते.

२०२३ च्या सप्टेंबरात बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली तेव्हा कार्बन डिस्कविषयी फार जणांनी विचारलं. ती थंड असताना नीट धरतच नाही, तिला भरपूर तापमान लागतं. आपल्या वेगात तिचा काही उपयोग नाही.

पॅडचं मात्र मनावर घ्या. सिंटर्ड पॅड, म्हणजे धातूची भुकटी दाबून-तापवून बनवलेले, उष्णता जास्त सोसतात, पण डिस्कही जास्त खातात. डिस्क सिंटर्ड पॅडला चालते का ते विकत घेतानाच विचारा. नवी डिस्क तर पॅडही नवे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चरांचा ठसा असतो, तो नव्या सपाट डिस्कवर बरोबर बसत नाही.

बसवताना

चाक काढलं की ते डिस्कच्या बाजूवर जमिनीला टेकवू नका. दोन लाकडी ठोकळे किंवा जुना टायर खाली घ्या. ट्रॅकवर कधी न गेलेल्या कितीतरी डिस्क गॅरेजच्या फरशीवर वाकलेल्या मी पाहिल्या आहेत.

डिस्कवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघा. एबीएसची दातेरी रिंग डिस्कबरोबर निघत असेल तर तिला धक्का लागू देऊ नका, ती जरा वाकली तरी सेन्सर चुकीचं वाचतो. बोल्ट शक्यतो नवे घ्या. जुनेच वापरणार असाल तर आट्यांवरचं जुनं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) ब्रशने काढून मध्यम ताकदीचं नवं लावा. आवळताना समोरासमोरचा क्रम ठेवा आणि दोन-तीन टप्प्यांत आवळा, शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने. आमच्याकडचे जुने मिस्त्री हाताच्या अंदाजाने आवळतात आणि "साकु" (कन्नडमध्ये "पुरे") म्हणून पाना खाली ठेवतात. त्यांच्या हाताला मी मान देतो, तरी इथं टॉर्क पानाच घ्या. एक बोल्ट जास्त आवळला तरी डिस्क तेवढ्यात वाकडी बसते.

त्याच वेळी कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, बघा. आपल्या बऱ्याच बाइकना पिनवर सरकणारा कॅलिपर असतो. पिना धुळीने सुकल्या की एक पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि डिस्क एकाच बाजूने तापत राहते. पिना साफ करून त्यांना चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. पुढचं चाक हाताने झटका देऊन सोडल्यावर मोकळं फिरायला हवं.

शेवटी दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पुसा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको. बसवून झालं की लिव्हर कडक लागेपर्यंत दाबा आणि मगच बाइक ढकला. हे विसरून भिंतीला धडकलेले आहेत.

ब्रेक ऑइल

हे थोडक्यात, पण टाळू नका. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस काढलेलं ऑइल तसंच घेऊन चेन्नईच्या उन्हात गेलात तर तिसऱ्या-चौथ्या लॅपला लिव्हर मुठीपर्यंत येईल. निघण्याच्या आठवड्यात नव्या सीलबंद डब्यातलं भरा आणि हवा नीट काढा. नुसतं डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. ऑइल जपलंत की डिस्क वाचते, कारण लिव्हर मऊ झाली की माणूस घाबरून ब्रेक लवकर धरतो आणि ओढत राहतो. त्याने डिस्क जास्तच तापते.

डिस्क बसवली म्हणजे बसली असं नाही

नव्या डिस्कवर पॅडच्या मटेरियलचा पातळ, सगळीकडे सारखा थर चढवावा लागतो. तो थर असमान चढला की लिव्हर धडधडते आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. डायल लावून बघावं तर डिस्क सरळ असते.

पहाटे मोकळा सरळ रस्ता बघा, आरशात मागं कुणी नाही याची खात्री करा. ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने दहा वेळा वेग कमी करा, दर दोन वेळांमध्ये थोडं चालवून डिस्कला वारा लागू द्या. मग ८० वरून ३० पर्यंत जरा जोरात सहा-सात वेळा. एकदाही पूर्ण थांबायचं नाही, हे महत्त्वाचं. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात तर तेवढ्याच जागी पॅडचा ठसा उमटतो आणि तो सहज जात नाही. नंतर दहा मिनिटं ब्रेक शक्यतो न वापरता चालवा आणि घरी येऊन गार होऊ द्या. डिस्कवर एकसारखी करडी झाक दिसली पाहिजे. पट्टे दिसले तर बारीक एमरी कागद गोल गोल फिरवून थर काढा, पुसा आणि परत सुरुवातीपासून करा.

ट्रॅकवर

पिकअपमध्ये बांधतानाच बघा, पट्टा डिस्कवरून जात नाही ना आणि पुढच्या चाकाची अडण डिस्कला टेकत नाही ना.

पहिले दोन लॅप सावकाश घ्या. डिस्क, पॅड, टायर सगळंच गार असतं. नंतर ब्रेक उशिरा मारायच्या मागे लागू नका. जोरात, सरळ रेषेत आणि थोडाच वेळ ब्रेक मारून सोडणारा रायडर डिस्क जपतो. लांबून हलका ब्रेक धरून वळणापर्यंत ओढत येणाऱ्याची डिस्क जास्त वेळ घासत राहते आणि तिला निवायला वेळच मिळत नाही. नव्यांची ही सवय सगळ्यात जास्त डिस्क खाते.

झेंडा पडला की शेवटचा लॅप वाऱ्यासाठी. ब्रेक जवळजवळ न लावता फिरा. पॅडॉकमध्ये आल्यावर बाइक स्टँडवर घ्या, लिव्हर सोडून द्या. उभी ठेवायला म्हणून लिव्हरला रबर किंवा दोरी बांधायची सवय इथं अगदी सोडा. तापलेल्या डिस्कवर पाणीही ओतू नका, एकदम आकसून तडे जातात.

निवल्यावर टॉर्चने बघा. निळसर-जांभळी झाक दिसली तर डिस्क खूप तापली आहे. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग तीनशे अंशांच्या आसपास चढतो, स्टेनलेसवर त्याहून बऱ्याच वर. नुसत्या रंगामुळे डिस्क बाद होत नाही, पण पॅड चिकटतोय का, पिना अडकल्यात का हे तपासायची ती सूचना आहे. मग प्रत्येक भोकाची कड बघा. भोकापासून निघालेली केसासारखी रेघ दिसली की नख फिरवून बघा. नख अडलं तर त्या दिवशी पुढचं सेशन नाही, पैसे भरलेले असले तरी नाही. पॅड निम्मे राहिले की बदला. पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनला आणि ऑइलला पोचते.

घरी आल्यावर

बाइक वॉशिंग सेंटरला देणार असाल तर समोर उभे राहा. खूप ठिकाणी शेवटी डिझेलचा फवारा मारून चकाकी आणतात आणि तो डिस्कवर बसतो. मारला गेलाच तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुवा, पॅडमध्ये मुरला असेल तर पॅड बदला.

मग पुन्हा त्याच आठ खुणांवर मायक्रोमीटर आणि डायल. वहीत तारीख, कुठला ट्रॅक, किती सेशन, कुठले पॅड, आठ मापं आणि रनआऊट. तीन ट्रॅक डेंची मापं एकाखाली एक लिहिली की तुमची डिस्क दर खेपेला किती झिजते ते कळतं आणि पुढची कधी मागवायची तेही. पार्ट बेळगावात मिळाला नाही तर कोल्हापूर-हुबळीवरून यायला वेळ लागतो, तेव्हा महिनाभर आधी सांगून ठेवा.

बाद झालेली डिस्क गॅरेजच्या कोपऱ्यात सोडून येऊ नका. ती पुसून, चकाकवून दुसऱ्या कुणाच्या तरी बाइकवर चढते. ग्राइंडरने आरपार एक काप घ्या आणि मगच भंगारात द्या.